भित्रे ब्युरेटमामा

आमच्या पालघरच्या कॉलेजात ब्युरेटमामांइतका भित्रा माणूस दुसरा नव्हता, आणि ही गोष्ट ते स्वतःच सगळ्यांना सांगत. केमिस्ट्रीच्या प्रयोगशाळेत पंचवीस वर्षं अटेंडंट असूनही ॲसिडची बाटली ते तान्ह्या मुलासारखी दोन्ही हातांनी धरत. जन्म इथल्याच किनाऱ्यावरच्या माहीमचा, घर होडीवाल्यांचं. पण पाण्याला भिऊन त्यांनी समुद्र सोडला तो कायमचा. "माजे भाऊ दर्यावर गेले, मी भ्यालो म्हनून कॉलेजात आलो," असं नव्या पोरांना पहिल्याच तासाला सांगून ते मोकळे होत. पोरं हसत. मामाही हसत, आणि हसता हसता गॅसचा नळ बंद आहे ना, ते पुन्हा बघून येत.

सकाळी आल्यावर आधी खिडक्या उघडायच्या, मग कपाटातल्या एकेका बाटलीचं लेबल मोठ्याने वाचायचं, हा त्यांचा नेम. मोठ्याने कशाला, असं मी एकदा विचारलं. "मनातल्या मनात भ्या वाडतं," ते म्हणाले. "तोंडानं बोलला का कळतं, हा ॲसिड हाय आनि हा नुस्ता पानी हाय." आम्ही त्यांची नक्कल करायचो. माझी बऱ्यापैकी जमायची.

परीक्षा जवळ आली की हेच नकलाकार त्यांच्यामागे गोंडा घोळत. द्रावणं तेच बनवत, त्यामुळे ब्युरेटच्या काचनळीवर रीडिंग किती यायला हवं ते त्यांना आधीच ठाऊक असे. रीडिंग काढून घ्यायचं, प्रयोग नावापुरता करायचा आणि आकडा उतरवायचा, ही आमच्याकडची जुनी रीत. मामा मात्र बधत नसत. सांगितलं तर मला झोप लागणार नाही, एवढंच म्हणत.

मी डोंगरातल्या पाड्यावरचा. बोईसरजवळ सालवडला दादाच्या खोलीत राहून शिकत होतो. दादा कारखान्यात कामाला, आणि आपला भाऊ केमिस्ट होणार हे त्याने अख्ख्या पाड्याला सांगून ठेवलेलं. आदल्या वर्षी प्रॅक्टिकलला माझे हात इतके कापायला लागले की काचेचं पिपेट निसटून फुटलं, आणि मी नापास झालो. ते दादाला सांगितलंच नाही. आता पुन्हा तीच परीक्षा होती. या वेळी गेली तर पदवी अडकणार होती आणि माझं खोटंही उघडं पडणार होतं. आठवडाभर पुस्तक उघडलं की अक्षरं दिसत, अर्थ लागत नसे. दादाने विचारलं की मी "कायच टेन्शन नाय" म्हणायचो.

त्या सकाळी बोईसरहून गाडीत बसलो. पालघर आलं, पण मी उतरलो नाही. केळवे गेलं, सफाळे गेलं, वैतरणाला उतरलो. का उतरलो ते मला आजही नीट सांगता येत नाही. खाडी तिथून जवळ आहे हे ठाऊक होतं. त्या वेळी मला परीक्षेपेक्षा स्वतःचीच भीती वाटत होती, म्हणून मी बाकडं दोन्ही हातांनी धरून बसलो. तेवढ्यात फोन वाजला. हजेरीत माझी जागा रिकामी बघून मामांनी लावला होता. कुठे आहेस विचारलं, मी सांगितलं.

"बाकड्यावरून उटू नको बाला," मग ते म्हणाले. "फोन चालू ठेव. मी येतो."

गाडीत बसल्यापासून उतरेपर्यंत ते बोलत राहिले. कुठलं स्टेशन आलं, समोरच्या बाईच्या टोपलीत कसली भाजी आहे, सगळं सांगत होते. आले तेव्हा घामाने भिजले होते. शेजारी बसून म्हणाले, कशाचं भ्या वाटतं ते तोंडानं बोल. पिपेटचं, दादाचं, त्या खोट्याचं, शेवटी खाडीचंही मी बोललो. मग माझ्याकडून दादाला फोन लावून घेतला आणि त्यालाही सगळं सांगायला लावलं. दादा मशीनच्या आवाजात दोनदा "काय?" म्हणाला आणि मग म्हणाला, दुपारी मी कॉलेजच्या फाटकात येऊन उभा राहतो.

तरीही मी हटून बसलो. रीडिंग सांगा, तरच येतो म्हणालो. मामांनी डोळे मिटले.

"सांगतो. तुज्यापरीस आकडा मोटा नाय," ते म्हणाले. "पन तो माजा आकडा. उद्या परत हात कापाया लागला तर मी कुटं असन?"

मी मान हलवून आकडा नको म्हणालो आणि उठलो.

परीक्षा घेणाऱ्या मॅडमनी मला दुपारच्या बॅचला बसू दिलं. हात कापतच होते. तीन रीडिंगं घेतली, तिन्ही जुळली. दादा खरंच फाटकात उभा होता, कारखान्याच्या कपड्यांत. दुसऱ्या दिवशी मामांनी मला सरकारी दवाखान्यात मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं आणि रांगेत स्वतःच घाबरून दोनदा पाणी प्यायले. मी पुढे बरेच महिने तिथे जात राहिलो. आज तारापूरला कारखान्याच्या लॅबमध्ये काम करतो. भीती अजून येते, पण आता मी ती लपवत नाही.

मामा निवृत्त झाले, आणि गेल्या वर्षी वारले. नंतर एका दाखल्यासाठी कॉलेजात गेलो होतो. मी कोण ते कळल्यावर ऑफिसातल्या बाईंनी फाइलीतून एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला. त्या दिवसाचा मामांचा रजेचा अर्ज होता. परीक्षेच्या दिवशी अटेंडंटला रजा मिळत नसते. कारणाच्या रकान्यात त्यांच्या वाकड्या अक्षरात लिहिलं होतं, 'मुलगा आजारी आहे, आणायला जातो.' मामांना मूलबाळ नव्हतं, आणि हे कॉलेजात सगळ्यांना माहीत होतं. खाली प्राचार्यांनी 'मंजूर' लिहून सही केली होती.