शेपटीतला जयवंता

नागपूरच्या प्रताप नगरात ओमप्रकाश ढोमण्यांचं घर विचारलं, तर लोक उलट विचारीत, "विमानवाले का?" खापरखेड्याच्या वीजकेंद्रात टर्बाइनच्या देखभालीत उभी नोकरी काढलेला हा माणूस रिटायर झाला आणि लोक प्लॉट घेतात तसं त्यानं सुट्या भागांचं विमान मागवलं. दोन माणसांचं, ॲल्युमिनियमचं, घरी जोडायचं. लाकडी खोकी आली त्या दिवशी त्याची बायको इंदू हिनं सोफा माहेरी धाडला आणि बैठकीची खोली मोकळी करून दिली. "मले माझं देवघर तेवढं सोडा," एवढंच ती म्हणाली.

खरं तर विमानाचं वेड ओमप्रकाशचं नव्हतंच. ते धाकट्या भावाचं, जयवंताचं. दोघं लहान असताना काटोलकडच्या त्यांच्या गावात कपाशीवर औषध फवारायला एक विमान आलं होतं. सारं गाव गुरंढोरं कोंडून घरात बसलं. जयवंता एकटा त्याच्या सावलीमागे धावत सुटला आणि औषधानं चिंब होऊन, लालभडक डोळ्यांनी हसत घरी आला. आईनं विहिरीवर नेऊन त्याला कातडी सोलून निघेस्तोवर घासलं. पुढे तो शेतीतच राहिला. पण आभाळात घरघर झाली की बैल थांबवून मान वर करायचा. त्यामुळे खोकी कोणासाठी आली, हे घरात कुणी विचारलं नाही.

दर शनिवारी जयवंता एसटीनं नागपूरला यायचा. विमानाचे पत्रे रिव्हेटनं जोडायचे असतात आणि त्याला दोन माणसं लागतात. एकानं बाहेरून हवेच्या गननं रिव्हेट ठोकायचा, दुसऱ्यानं आतून लोखंडी ठोकळा दाबून धरायचा. ओमप्रकाश अंगानं भरलेला, म्हणून गन त्याच्या हाती. जयवंता काटकुळा, तो सामानाच्या जागेतून सरपटत शेपटीत शिरायचा आणि गालात खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचा तोबरा, धरून उताणा पडून राहायचा. गनच्या आवाजात बोलणं ऐकू येत नसे, म्हणून खूण ठरली होती. रिव्हेट नीट बसला तर आतून ठोकळ्याची एक टक. कच्चा राहिला तर दोन. दिवस दिवस ते दोघे असेच बोलायचे.

एका शनिवारी जयवंता आला नाही. म्हणजे एसटी आली, त्यात तो आलाही. सगळे उतरले तरी खिडकीला डोकं टेकून बसलेल्या माणसाला कंडक्टरनं हलवलं, तेव्हा तो केव्हाच गेलेला होता. ओमप्रकाश घरी गन जोडून वाट बघत होता.

तेरवी झाल्यावर तो पुन्हा कामाला लागला. इंदूला गुडघ्यांमुळे आत शिरता येईना, म्हणून हात पोचेल तिथले रिव्हेट तो एकटाच ठोकी. एका हातात गन, दुसऱ्या हातानं आत दुसरा ठोकळा दाबलेला; जयवंताचा शेपटीतच पडून होता. एका दुपारी त्यानं एक रिव्हेट ठोकला, गन खाली ठेवली, आणि शेपटीतून दोनदा आवाज आला. टक. टक.

उन्हाळा होता, पत्रा तापतो, निवतो, वाजतो. उभा जन्म त्यानं गरम लोखंडाचे असले आवाज ऐकले होते. तसं त्यानं स्वतःला सांगितलं. मग टॉर्च घेऊन आत पाहिलं. रिव्हेट कच्चा होता.

"इंदू, तुले काही ऐकू आलं?"

"कूलरशिवाय काहीच नाही. काहून?"

"काही नाही," तो म्हणाला आणि रिव्हेट पुन्हा ठोकला. या वेळी आवाज एकच आला.

त्यानंतर शेपटीवरचा शेवटचा पत्रा तेवढा राहिला. तो बसला की वरची फट बंद, आतला उजेड बंद. ओमप्रकाश रोज तो पत्रा पुसायचा, जागेवर धरून बघायचा आणि पुन्हा भिंतीला टेकवून ठेवायचा. पंख झाले, चाकं लागली, इंजिन बसलं. शेपटी उघडीच. तिच्याशी हळू आवाजात बोलताना इंदूनं त्याला पाहिलं, तेव्हा ती घाबरली आणि तिनं गावी फोन लावला.

जयवंताची बायको सुभद्रा आली. लग्न होऊन आल्यापासून ती भासऱ्याशी, म्हणजे ओमप्रकाशशी, कधी थेट बोललेली नव्हती. डोक्यावर पदर, आणि जे काही सांगायचं ते जावेच्या मार्फत. तशीच ती दारात उभी राहिली आणि बराच वेळ विमानाकडे बघत राहिली.

"ताई," ती इंदूला म्हणाली, "भाऊजीले विचारा, हा पत्रा काहून लावून नाही राहिले?"

ओमप्रकाश इंदूकडेच बघत म्हणाला, "तिले सांग, तो आत हाये. मी लावला तर तो कोंडल्या जाईन."

सुभद्रा रडली नाही. तिनं चप्पल काढली, पदर कमरेला खोचला, आणि इंदू "अवं, हे काय करून राहिली?" म्हणेपर्यंत सामानाच्या जागेतून आत शिरली. आतून सरपटल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. ओमप्रकाशनं शेपटीला कान लावला.

"ताई," आतून तिचा आवाज आला, पत्र्यानं घोगरा झालेला. "इथं खर्र्याचा वास येते. त्याईच्याच."

मग ती म्हणाली, आणि या वेळी कुणाच्या मार्फत नाही, "भाऊजी, ठोकळा सापडला मले. लावा पत्रा."

ओमप्रकाशनं पत्रा बसवला. पहिला रिव्हेट कच्चा गेला. आतून टक, टक आलं. ही खूण तिला कोणी शिकवली, हे त्यानं विचारलं नाही. जयवंता घरी जाऊन सगळं सांगत असणार. दुसरा नीट बसला. एक टक. अशा रीतीनं सबंध दुपार भासरा-भावजय बोलत राहिले. शेवटचा रिव्हेट बसला तरी ती लगेच बाहेर आली नाही. ओमप्रकाशनं आणि इंदूनं घाई केली नाही. आली तेव्हा तिच्या केसांत ॲल्युमिनियमचा चुरा होता, आणि डोक्यावर पदर घेत ती सरळ स्वयंपाकघरात गेली.

रंगाबद्दल भावांचा वाद होता. ओमप्रकाशला पांढरा हवा होता, उन्हात तापत नाही म्हणून. जयवंताला तुरीच्या फुलाचा पिवळा. दिवाळीनंतर, धूळ बसल्यावर, पंख सुटे करून विमान अंगणात काढून, वर प्लास्टिकचा मांडव घालून ओमप्रकाशनं पिवळा रंग मारला. तोंडावर मास्क, कानांवर आवाज अडवणारा पट्टा. स्वतःचाच श्वास मोठा होऊन कानात घुमत होता. शेपटीशी आल्यावर त्याला वाटलं, श्वास दोन आहेत. एक त्याचा, एक जरा मागे राहून येणारा. त्यानं दम रोखून पाहिला. पण रंगाची गन एका जागी थांबवली असती तर रंगाला ओघळ आले असते, म्हणून तो तसाच मारत गेला. भीती मात्र त्याला वाटली नाही.

परवानग्या यायला बराच काळ गेला. शेवटी शहराबाहेरच्या एका खासगी धावपट्टीवर, सकाळच्या थंडीत, एका जुन्या वैमानिकानं ते एकट्यानं वर नेलं. पिवळं विमान तुरीच्या शेतांवरून वळलं तेव्हा इंदूनं हात जोडले. सुभद्रा मान वर करून बघत राहिली, विमान उतरेपर्यंत पापणी न लववता.

वैमानिक खाली उतरला. "मस्त उडते हो," तो म्हणाला. "फक्त शेपूट थोडी जड लागते. काही सामान राहिलं का आत?"

आत काही नव्हतं. ओमप्रकाशनं विमान पुन्हा काट्यावर चढवलं. वजन जिथल्या तिथं, रतीभर फरक नाही. वैमानिकानं खांदे उडवले आणि पुढच्या खेपेपासून शेपटीला सांभाळून घेऊ लागला.

आता विमान त्या धावपट्टीवरच्या टिनाच्या शेडमध्ये असतं. ओमप्रकाश दर शनिवारी जातो. कधी सुभद्रा आधीच आलेली असते, काटोलहून परस्पर. आत पुसत बसलेली, शेपटीशी काहीबाही पुटपुटत. धाकट्या भावाच्या खोलीत शिरताना थोरल्यानं जी रीत पाळायची, ती तो पाळतो. कुलूप लावलेलं असो की उघडं, आत कुणी असो की नसो, दाराशी थांबून आधी खाकरतो. जरा वेळ जाऊ देतो. मग दार ढकलतो.