भरलेल्या बाटल्या

शिक्षकांना सहल शिकवायची म्हटलं की आमच्याकडे लोक आधी हसतात. गाडी ठरवा, मसालेभात करा, पोरं मोजून न्या आणि मोजून आणा, त्यात शिकण्यासारखं काय? पण तलावाच्या काठी किंवा जंगलाच्या कडेला मुलं न्यायची तर बरंच आधी ठरवावं लागतं, आणि ते शिकवायचं काम माझ्याकडे आलं होतं. मी मूळची शिक्षिकाच. कुडव्याला राहते आणि यादी केल्याशिवाय भाजीलाही जात नाही. प्रशिक्षणाची यादी तर पाठपोट भरलेली होती: शिट्टी, दोर, प्रथमोपचाराची पेटी, सर्पदंशाचं औषध ठेवणारा जवळचा दवाखाना, रांगेत पुढे कोण, शेवटी कोण, काठापासून किती लांब थांबायचं. पाण्याची बाटली, प्रत्येकाला एक, हेही त्यात होतं.

आमच्या जिल्ह्यातल्या गोरेगावच्या एका शाळेत तीन दिवस ठरले होते. पहिला दिवस खोलीत, दुसरा तलावावर, तिसरा चुका दुरुस्त करायला.

तिरोड्याकडच्या एका खेड्यातून दोघं आले होते, मुख्याध्यापक आणि त्यांच्या शाळेतली एकुलती एक बाई. सर निवृत्तीला आलेले, शांत, जबाबदारीला घाबरणारे. बाई तिशीच्या आतल्या. त्यांच्या शाळेतून काही वर्षं फक्त मुलगेच सहलीला जात होते. मुली न्यायच्या तर बाई हवी आणि ती तयार झालेली हवी, असं सरांनी ठरवून टाकलं होतं. म्हणजे या तीन दिवसांत बाई पास झाल्या तर सहावी-सातवीच्या मुली यंदा तलावावर पक्षी बघायला जाणार, नाहीतर पुन्हा घरी बसणार. चहाच्या वेळी बाईंनी मला सांगितलं, की येताना मुली एस.टी.च्या थांब्यापर्यंत सोडायला आल्या होत्या. "मॅडम, पास होऊन याजा," असं त्यांनी बजावलं होतं, जसं काही परीक्षा बाईंची होती आणि निकाल त्यांचा.

दुसऱ्या दिवशी उन्हाने कहर केला. पाऊस सरून गेलेला, धान निसवून लोंब्या आलेल्या, आणि बांध्यांमधून, म्हणजे भातखाचरांतून, वर येणारी वाफ थेट तोंडावर. प्रत्येकाने रस्त्याचा एकेक तुकडा गटाला घेऊन चालायचा आणि बाकीच्यांनी विद्यार्थी व्हायचं, असा सराव होता. शिक्षकांना विद्यार्थी केलं की ते खऱ्या पोरांपेक्षा वाईट वागतात. एकाने बांधावर बसून संप केला, दुसरा कोवळ्या चिंचा पाडायला गेला. बाईंनी त्यांना बरोबर ओळीत आणलं. त्यांचा आवाज मोठा नव्हता, पण माणूस ओळीबाहेर पडायच्या आधीच त्या तिथे पोचत. मी मनात त्यांच्या नावापुढे खूण केलीसुद्धा.

तलावाच्या पाळीवर, म्हणजे काठच्या उंच मातीच्या बांधावर, चढताना त्या थांबल्या, हात पुढे केला, धरायला काही सापडलं नाही आणि तिथेच खाली बसल्या. मग आडव्या झाल्या.

सावलीत नेलं, पाय उंच केले, गर्दी हटवली. सर आपल्या रुमालाने वारा घालत होते आणि त्यांचाच चेहरा जास्त उतरला होता. बाईंनी डोळे उघडल्यावर ते उठले, मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, मी यंदा पोरी नेत नाही. हिलेच असं झालं तं पोरींचं काय? गाव मले विचारंल." त्यात राग नव्हता. ते घाबरले होते, आणि त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं.

मीठ-साखरेचं पाणी करायला मी बाईंची बाटली घेतली. ती काठोकाठ भरलेली होती. सकाळी शाळेतून भरून निघालो तशीच. मी विचारलं, पाणी का नाही प्यायलात? त्यांनी आधी सरांकडे पाहिलं. सर गाडी जवळ आणायला सांगायला गेले, तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "पिऊन जाचं कुठं, मॅडम?"

मी आजूबाजूला पाहिलं. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला उघड्या बांध्या, मध्ये आम्ही आणि वीसेक पुरुष. बाकीच्या बायांच्या पिशव्यांतल्या बाटल्या बघितल्या. कुणाची घोटभर कमी, कुणाची तीही नाही. माझी स्वतःचीही जवळजवळ भरलेलीच होती. बाहेर निघालं की पाणी कमी प्यायचं, हे आम्हाला कुणी शिकवलेलं नसतं. लहानपणी आयांकडे बघून ते अंगी येतं, आणि मग ते यादीत लिहावं असं सुचतसुद्धा नाही.

परतल्यावर बाईंनी मला विनवलं, की सरांना सांगू नका. मी म्हटलं, तुमचं नाव घेणार नाही, पण गोष्ट सांगावीच लागेल. मग हॉलमध्ये मी सगळ्यांना बाटल्या टेबलावर ठेवायला सांगितल्या, पुरुषांच्या डावीकडे, बायांच्या उजवीकडे. डावीकडच्या रिकाम्या, उजवीकडच्या भरलेल्या. मागून एक सर म्हणाले, "मॅडम लोकांनी पानी वाचवलं न."

आमच्यातल्या सगळ्यात जुन्या बाई बसल्या जागेवरून बोलल्या, "पानी नाही वाचवलं सर, इज्जत वाचवली. तुमाले काय, सारा झाडोरा मोकळा."

हशा झाला. बायांचा जरा जास्तच झाला. तो ओसरल्यावर मी सरळ मुद्द्यावर आले. शाळेत लघवीची सुट्टी रोज असते, घंटा देऊन असते. सहलीच्या वेळापत्रकात ती का नाही? पोरगी दिवसभर पाणी पीत नसेल, तर शिट्टी आणि दोर घेऊन आपण तिला कशापासून वाचवणार आहोत?

मग तिरोड्याकडचे सर उभे राहिले. सांगू लागले, की पूर्वी ते मुलींनाही नेत असत. शेवटच्या वेळी येताना एक पोरगी गाडीत पोट धरून बसली होती. काय होतंय ते सांगेना. त्यांना वाटलं गाडी लागली. पुन्हा एखाद्या पोरीला काही झालं तर आपल्याला कळणारही नाही, या भीतीने त्यांनी पुढच्या वर्षापासून मुली नेणंच बंद केलं.

"ते रडून राहिली होती," ते म्हणाले, "आन मी तिले उलटीची गोळी देली."

एवढं बोलून ते बसले. बाई त्यांच्या शेजारीच होत्या. त्या त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या, "सर, ते आता बारावीले आहे. बरी आहे." सरांनी मान हलवली.

संध्याकाळी निघण्यापूर्वी बाईंनी मला विचारलं, की मी पास का नापास. मी सांगितलं, उद्या सकाळी तोच तुकडा पुन्हा चालवायचा, पण आधी माझ्यासमोर बाटली अर्धी करायची. आणि पाळीच्या अलीकडे जी शाळा आहे तिथे पहिला थांबा घ्यायचा, मुख्याध्यापकांशी बोलून किल्ली मागून ठेवायची. दुसऱ्या दिवशी त्यांनी गट नेला. किल्ली आणायला त्यांचे सर स्वतः पुढे गेले होते.

हिवाळ्यात त्यांची सहल निघाली, तेव्हा मी बघायला गेले. सोबत माझ्या नव्या यादीप्रमाणे चार बांबू, एक जुनी ताडपत्री आणि पाण्याचा एक कॅन होता. शाळा नसेल तिथे आडोसा करायचा, आणि त्याच्याजवळ फक्त बाईंनी थांबायचं. गाडीत बसण्याआधी सर मुलींसमोर उभे राहिले, घसा खाकरला, पण तो शब्द काही त्यांच्या तोंडून निघेना. शेवटी म्हणाले, "पोरींनो, पहिला थांबा तुमच्या मॅडम सांगतीन. तो थांबा चुकवाचा नाही. आन पानी प्याचं." मुली एकमेकींकडे बघून तोंडावर हात धरून हसल्या.

दुपारी पाळीवर पक्षी मोजून झाले. जेवणं अजून व्हायची होती. मी सवयीने मुलींच्या पिशव्यांवरून हात फिरवला. बाटल्या हलक्या होत्या. तेवढ्यात सर मोठा कॅन घेऊन बोअरिंगकडे निघाले. त्यांची ही कितवी फेरी होती कोण जाणे.

"पाहा मॅडम," ते वैतागून म्हणाले, "आता पानी पुरून नाही राहिलं."

मी यादी काढली आणि कॅनपुढे एक खोडून दोन असं लिहिलं.