बाबांची एवढीशी जखम

मंडळी, आज मन फार जड झालंय.

बाबांची बायपास रोबोटच्या मदतीने झाली. छाती न उघडता, बरगड्यांजवळ फक्त बारीक छेद. आज तपासणीत डॉक्टर म्हणाले, "हृदय उत्तम चाललंय."

संध्याकाळी मलकपेठच्या घरी शेजारचे चाचा भेटायला आले. बाबांनी सदऱ्याची बटणं काढून जखम दाखवली.

"अरे, इत्ताच? कुछ बी नै हुआ भाई तुमको!" चाचा हसले. आम्हीही हसलो. बाबांनीसुद्धा हसत हसत बटणं लावली.

चाचा गेल्यावर मी कप उचलायला आले, तर बाबा एकटेच मुसमुसत होते.

म्हणाले, "रोजच असं रडू येतं गं. जखम मोठी असती, तर रडलेलं चाललं असतं ना?"