ग्रहणातली टोपली

तिरुवलंचुळीच्या लोकांनी नागलक्ष्मीला वेड्यात काढलं होतं, आणि का काढू नये? कावेरीकाठच्या भाताच्या मुलखात कोणी कॉफी लावतं का! पण बाई हट्टाला पेटली. सिरुमलईच्या डोंगरात राहणाऱ्या भावाकडून रोपं आणली आणि घरामागे फणसाच्या सावलीत चाळीस झाडं जगवली. गेल्या साली बिया आंबवताना वेळ चुकली, घरभर कुजका वास सुटला, आणि धाकट्या दिराने, एकोजीने, बजावलं, "यंदा नासलें तर झाडें उपटून केळी लावतों." नवरा नोकरीपायी मदुरेला, तो भावाच्या शब्दाबाहेर नव्हता.

१९५५ च्या कार्तिकातल्या अमावस्येला सूर्यग्रहण आलं. साल काढलेल्या बिया दोन रात्री दगडी कुंडीत आंबत होत्या. ग्रहण सुटल्यावर धुवायच्या, असा तिचा बेत. पण चार दिवसांच्या उकाड्याने घात केला. ग्रहण लागायच्या तोंडावर तिने मूठभर बिया चोळून पाहिल्या, तर बुळबुळीतपणा जाऊन त्या वाळूसारख्या खरखरल्या. म्हणजे धुवायची वेळ झाली. आणखी तीन तास आंबल्या की संपलं सगळं.

पण ग्रहणात कामाला हात लावायचा नाही. त्यातून लेक सुंदरी पाच महिन्यांची गरोदर, आतल्या अंधाऱ्या खोलीत निजवलेली. आईने ग्रहण मोडलं आणि बाळाला काही झालं तर? ही भीती खोटी म्हणून झटकून टाकावी एवढी नागलक्ष्मी शहाणी नव्हती, आणि कुठली आई असते?

मग तिला सुचलं. ग्रहणात नदीत उभं राहून जप करायला कोणाची ना आहे? तिने बिया टोपलीत भरल्या, वर ओलं फडकं टाकलं, त्यावर दर्भाची काडी ठेवली आणि सासूमागोमाग घाट उतरली.

कमरेएवढ्या पाण्यात सगळा गाव उभा होता. नागलक्ष्मीने टोपली पाण्याखाली धरली. तोंडाने विठ्ठलाचं नाव, हाताने बिया चोळणं. ऊन फिकट होत गेलं, कावळे गप्प झाले. तेवढ्यात आंबूस फेस वर आला आणि तरंगत थेट सासूच्या, मीनाक्षीबाईंच्या, दंडाला चिकटला.

त्यांनी डोळे उघडले. फेस पाहिला, टोपली पाहिली. नागलक्ष्मीने चोळणं थांबवलं. सासूने नुसती मान हलवली असती तरी कारभार आटोपला असता.

"वैनी, पाण्यांत काय धरलेंस? वास कसला हा?" पायरीवरून एकोजी ओरडला आणि खाली उतरू लागला.

मीनाक्षीबाई चाळीस वर्षं ग्रहणात मौन पाळत होत्या. त्या एक पाऊल सरकून टोपलीच्या आड उभ्या राहिल्या.

"देवाचीं भांडीं आहेत, चिंच लावलेलीं," त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या. "मीच आणविलीं. तूं आपला जप कर."

आईचा शब्द, तोही ग्रहणातला! एकोजी खाली मान घालून परत फिरला.

"लवकर धू," त्या पुटपुटल्या. सुनेकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

नागलक्ष्मीला रडू फुटलं, पण हात पुन्हा चालू लागले. मीनाक्षीबाईंनी डोळे मिटले आणि मोडलेला जप पहिल्या मण्यापासून धरला.