आक्काच्या बाजूचा दोरा

जाड कातड्याची बॅग शिवायला आमच्या घरी दोघी बसायचो. आबा, म्हणजे माझे वडील, आरीनं भोकं पाडून द्यायचे. कातड्याच्या एका अंगाला मी, दुसऱ्या अंगाला आक्का, माझी थोरली बहीण. एकाच भोकातून तिची सुई माझ्याकडं यायची आणि माझी तिच्याकडं जायची. मग मेण लावलेला दोरा दोघींनी एकदम ओढायचा. शिवताना आक्का गल्लीतल्या बायकांच्या नकला करायची. मला हसू आवरायचं नाही, टाका वाकडा पडायचा आणि आबा मलाच रागवायचे.

आमचं घर शिरूरला, घोडनदीच्या काठाकडं. आबा आधी विहिरीच्या मोटा शिवत. विहिरींवर पाण्याची इंजिनं आली तशा मोटा बंद पडत गेल्या. त्याच सुमारास दौंडच्या रेल्वेत नोकरीला असलेले आमच्याकडचे एक गार्डसाहेब त्यांची जुनी, इंग्रजी वळणाची बॅग घेऊन आले. म्हणाले, "आबा, हुबेहूब अशीच पायजे." आबांनी ती उसवली, तुकडे जमिनीवर मांडून दोन दिवस नुसते बघत बसले आणि तशीच नवी करून दिली. ती बघून रेल्वेतले बाकीचे लोकही बॅगा सांगू लागले. त्याच ओळखीतून आक्काला दौंडचं स्थळ आलं. मुलगा इंजिनांच्या शेडमध्ये कामाला, राहायला रेल्वेचं क्वार्टर. पुढच्या उन्हाळ्यात ती गेलीसुद्धा.

मग दोन्ही सुया माझ्याकडं आल्या. काम जमायचं, पण दुपार सरता सरायची नाही.

बॅग तयार झाली की आबा ती एसटीनं दौंडला पोचवायचे आणि मी बरोबर जायची. तेवढीच आक्काची भेट. म्हणून मी भराभर शिवायला लागले. आबांच्या ते ध्यानात आलं.

"टाका लांब पडतोय," ते म्हणाले.

"न्हाई आबा, बराबर हाय."

त्यांनी तो उसवायला लावला. पण दुसऱ्या दिवशी माझ्या शेजारी बसून स्वतः भोकं भरभर पाडून दिली.

एकदा एसटीत गर्दीत कुणीतरी बॅग ओढली आणि मुठीचा टाका निघाला. आक्काच्या घरी पोचलो तेव्हा आबांनी खिशातून आरी काढली. तिच्या सासूबाई दारातच उभ्या होत्या.

"राग मानू नका, पण आमच्यात हे काम आता कुणी करत न्हाई," त्या म्हणाल्या. "शेजारपाजार बघतो."

"खरं हाय तुमचं. मी भाईर झाडाखाली बसतो," आबा म्हणाले आणि उठले.

आक्का पदराला हात पुसत स्वयंपाकघरातून आली. "आत्याबाई, मी दार लावून घेते."

सासूबाईंनी तिच्याकडं पाहिलं.

"खिडकीबी लाव," म्हणाल्या आणि आतल्या खोलीत गेल्या.

आम्ही दोघी समोरासमोर बसलो. दोरा ओढला तसा आक्काच्या बोटात रुतला.

"मऊ पडली गं बोटं," ती हळूच म्हणाली. मग विचारलं, "घरी दुसरी बाजू कोण धरतं?"

"मीच."

"दोन्ही?"

"व्हय."

त्या दिवशी तिनं कुणाची नक्कल केली नाही. मूठ पक्की झाल्यावर तिनं बॅग उघडली आणि आतलं बघावं तसं तोंड आत घातलं. नव्या कातड्याचा वास तिला लहानपणापासून आवडायचा. बराच वेळ तिनं मान वर काढली नाही. आबा भिंतीकडं बघत बसले होते.

पुढं रेक्झिनच्या स्वस्त बॅगा आल्या, आबांची नजरही कमी झाली आणि दौंडच्या खेपा थांबल्या. मग गाठ पडायची ती सणासुदीला. घर माणसांनी भरलेलं, आक्का वाढण्यात गुंतलेली, जाता-येता माझ्या पाठीवर हात ठेवून जायची. नंतर मी लग्न होऊन पाबळला आले. आबा गेले.

मागच्या दिवाळीनंतर दौंडला आक्काकडं गेले होते. तिचे गुडघे आता दुखतात. निघताना म्हणाली, "ऱ्हा की एक दिस."

"घरी म्हशी हायत," मी म्हटलं.

ती फाटकापर्यंत आली. गाडी भीमेचा पूल ओलांडेपर्यंत मला वाटत होतं, उतरावं आणि मागं फिरावं.