पाखराची दृष्ट

माझ्या सासूला मी सव्वीस वर्षांत कुणाचे लाड करताना पाहिलं नव्हतं. पोटच्या पोराचेही नाही. म्हणून ती पिंजऱ्याशी तोंड नेऊन "जेवला का रे माझ्या राजा" असं म्हणाली, तेव्हा मला वाटलं माझ्याच कानात काहीतरी झालं.

पाखरू आमचं नव्हतं. शेजारच्या मास्तरीणबाईंची सौसरला बदली झाली, तिथल्या घरमालकाला पाळीव काही चालत नव्हतं, म्हणून त्या पिंजरा आमच्या पांढुर्ण्याच्या घरी सोडून गेल्या. मुठीत मावेल एवढा हिरवा बजरी पोपट, डोकं पिवळं. जाताना त्यांनी वहीच्या पानावर सगळं लिहून दिलं. कांगणीचे दाणे सकाळ-संध्याकाळ, पाणी रोज बदलायचं, हवेच्या झोतात ठेवायचं नाही, अंग फुगवून बसला तर बल्ब लावून ऊब द्यायची. आणि खाली दोन रेघा मारून, धूर अजिबात नको, उदबत्तीचा नको, फोडणीचाही नको, याचं फुफ्फुस फार नाजूक असतं.

मी तो कागद देवळीत ठेवला. सासूला वाचता येत नाही.

पोळ्याच्या सुमारास न्हाणीत घसरून तिचा खुबा मोडला होता, तेव्हापासून ती मागच्या खोलीत खाटेवरच. तिला विरंगुळा म्हणून पिंजरा मी तिच्या उशाशी टांगला. खोली स्वयंपाकघरापासून लांब, तेही बरं होतं. पहिल्याच दिवशी तिनं त्याला हिरवी मिरची आणि भिजवलेली डाळ द्यायला लावली. पोपट म्हटला की मिरची खाणारच, असं तिचं म्हणणं. त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. मी गुपचूप मिरची काढून कांगणी घातली, तर दुसऱ्या दिवशी म्हणाली, पाहा, माझी मिरची कशी फस्त केली यानं.

खरं सांगते, पाखराचं मी मन लावून केलं. पहिले आठ दिवस तो पिंजऱ्याच्या जाळीला चिकटून बसायचा, मग माझ्या बोटावर यायला लागला. नखं बारीक टोचायची. पण तिच्या खाटेवर सोडला की सरळ तिच्या खांद्यावर चढायचा आणि कानाजवळचे पांढरे केस ओढायचा. ती हसायची. तिचे दात एवढे शाबूत आहेत हे मला तेव्हा कळलं.

आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. लग्नाला वर्ष झालं असेल, माझे बाबा मोहगावहून संत्र्यांचं पोतं घेऊन आले होते. स्वतःच्या बागेतली, स्वतः निवडलेली. सासूनं एक फोड तोंडात टाकली, त्यांच्यासमोर थुंकली आणि आंबट आहेत म्हणून सगळं पोतं गोठ्यात रिकामं करवलं. बाबांना पाणीसुद्धा विचारलं नाही. ते पुन्हा आमच्या दारात आले नाहीत, आणि मग येण्यासारखे राहिले नाहीत. अशा बाईच्या तोंडून राजा, सोन्या, जेवला का. मला तिनं जेवलीस का म्हणून आजवर एकदा विचारलेलं नाही.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गल्लीतल्या बाया आल्या. वाण घेऊन झालं की एकेक जण मागच्या खोलीत डोकावायची आणि काय गोड पाखरू बाई म्हणायची. समोरच्या घरातली, जिला मूलबाळ नाही, ती जरा जास्त वेळ थांबली. त्यानं तिच्या हातून दाणे टिपले म्हणून तिचे डोळे भरून आले होते.

तिसऱ्या दिवशी पाखरू अंग फुगवून बसलं. हळदीकुंकवाच्या दिवशी बायांच्या ये-जा करण्यात मागचं दार सताड उघडं राहिलं होतं, गारठा लागला असणार. मी खिडकी लावून घेतली, बल्ब लावला, पिंजऱ्याच्या तीन बाजूंनी शाल गुंडाळली. दुपारपर्यंत त्यानं चार दाणे खाल्ले. वाचेल असं मला वाटून राहिलं होतं.

सासूला मात्र बल्बबिल्ब काही पटेना. समोरचीची नजर लागली, वांझ बाईची नजर वाईट, असं तिनं पुन्हापुन्हा ऐकवलं. संध्याकाळी मला दृष्टीचं सामान आणायला सांगितलं. मीठ, मोहरी, लाल मिरच्या आणि निखारे.

मी म्हटलं, आत्याबाई, धूर नको. एवढंच म्हटलं.

"तू मले शिकवून राहिली का?" ती म्हणाली. "संत्रेवाल्याची पोर, तू मले शिकवणार?"

ठीक आहे, म्हटलं मी मनात. बिलकुल ठीक आहे. मागच्या चुलीतले निखारे घमेल्यात घेतले. मिरच्या सात घेतात, मी मूठभर घेतल्या. तिनं बसल्या बसल्या पिंजऱ्यावरून तीनदा ओवाळलं, तोंडानं पुटपुटली, आणि मी ते सगळं निखाऱ्यांवर टाकलं. खिडकी मीच लावलेली होती. ती उघडली नाही.

ठसका लागला नाही तर नजर खरी, असं आमच्याकडे मानतात. इथं तर दोघींना खोकून खोकून बोलवेना. पाखराची शेपटी धापेबरोबर खालीवर होत होती. हात लांब केला असता तर पिंजरा उचलून अंगणात नेता आला असता. मी पदर नाकाला लावून उभी राहिले. धूर विरला तेव्हा ते पिंजऱ्याच्या तळाशी पडलं होतं.

तिनं त्याला तळहातावर घेतलं आणि अशी रडली, जशी सासऱ्यांच्या वेळीही रडली नव्हती. मग समोरचीच्या नावानं बोटं मोडायला लागली. त्या रांडेनं खाल्लं माझं लेकरू, तिला यापुढं या घरचं कुंकू लावायचं नाही, पाणीसुद्धा द्यायचं नाही.

ते मात्र मला ऐकवेना.

"तिनं नाही खाल्लं," मी म्हटलं. "धुरानं मेलं ते. त्याला धूर चालत नाही."

"तुले कोनं सांगतलं?"

"कागदावर लिहिलेलं होतं. पहिल्या दिवसापासून."

ती हातातल्या पाखराकडे बघत राहिली. मग माझ्याकडे.

"म्हंजे तुले मालूम होतं."

"हो," मी म्हटलं. आणि फार बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? त्या पाखरासाठी रडू मला दुसऱ्या दिवशी आलं, पिंजरा धुताना.

आता तिचं ताट नेऊन ठेवलं की ती हात लावत नाही. भाकरीचा एक तुकडा मोडते, भाजीत बुडवते आणि माझ्यापुढे धरते. मी तो तिच्या देखत खाते, गिळते. ती थोडा वेळ माझ्या तोंडाकडे बघते आणि मग जेवायला लागते. दोन्ही वेळा असंच, चहाचंही तसंच. पोराजवळ तिनं एक शब्द काढलेला नाही. माझ्या हातचं खाल्ल्याशिवाय तिला दुसरा इलाज नाही, हे तिलाही ठाऊक आहे.

परवा नवऱ्यानं हे दारातून पाहिलं. त्यानं नणंदेला फोनवर सांगितलं, आईचा स्वभाव फारच बदलून राहिला, आता सुनेला आपल्या हातानं घास भरवते.