कोपरा गेलेला कागद

वेंगुर्ल्याच्या बंदरात आगबोट लांब उभी राहायची आणि माणसांना पडावातून तिच्यापर्यंत न्यायचे. माझ्या हातात तांदळाचं गाठोडं होतं. बाबा धोतर वर खोचून गुडघाभर पाण्यात पडावाला धरून उभे होते. घोडपदेवच्या चाळीत दादा आणि गावचे तीन गिरणीवाले एका खोलीत राहत, त्यांच्या जेवणाचे हाल होत होते, म्हणून मला धाडत होते. मी चौथीपर्यंत शिकलेली. मला पत्र लिहायचा कंटाळा, हे बाबांना ठाऊक होतं. पडाव सुटला तसे ओरडून म्हणाले, "चेडवा, थंय पोचलंस की कागद धाड. काय लिवूक सुचला नाय तर कोरो धाड. पण धाड!"

आमच्याकडे पत्राला कागदच म्हणतात. पडावातली सगळी माणसं हसली, मीही हसले. ते हसणं नंतर मला फार महाग पडलं.

तिकडे गावी राहिलेल्यांनो, तुम्ही ही गोष्ट तुमच्या पद्धतीने सांगत आलात. इकडे आलेल्यांनी ती ऐकून मान हलवली. आता माझ्याकडून ऐका. मी माफी मागायला बसलेली नाही.

खोलीत मी चार माणसांचं रांधायची. दुपारी सगळे पाळीवर गेले की भिंती खायला उठायच्या. चाळीतल्या एका बाईंबरोबर मी दादरला हातकागदाच्या केंद्रात जाऊ लागले. तिथे चिंध्यांचा कागद करत. पण मला दिसायचे ते सत्यनारायण झाल्यावर चाळीमागे टाकलेले केळीचे खांब. आमच्या परसातली केळ ती, इथे कचऱ्यात. मी त्यांची सोपटं चिरली, धुण्याचा सोडा घालून शिजवली, कुटली आणि टबातल्या पाण्यात तो लगदा कालवून जाळीच्या चौकटीवर उचलला. पहिला कागद पापडासारखा मोडला. दादा म्हणाला, "ह्या कसला गो खूळ?" पण तोही मग माझ्या लगद्यासाठी गिरणीच्या कुंपणावरची घाणेरीची झुडपं तोडून आणायला लागला.

ओला कागद जिथे वाळत घालावा तिथलं काही ना काही धरतो, हे मला तेव्हा कळलं. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर वाळवला तर त्यावर वाळू आणि कडुनिंबाची काडी. लोअर परळला गिरणीच्या भिंतीला लावला तर कापसाचे तंतू. आमच्या गॅलरीतल्या कागदावर धुरांड्याची काजळी बसायची, बारीक काळे ठिपके, जणू कोणी मोहरी उधळलीय. मला चित्र काढता येत नव्हतं. मुंबईच माझ्यासाठी काढत होती. आता याला पर्यावरणाची कला म्हणतात आणि शिकलेली मुलं येऊन माझ्याशी इंग्रजीत बोलतात. मी यस यस म्हणते.

ते संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. गिरणगावात रोज मोर्चा, रोज घोषणा. मग गोळीबार झाला. दादा एका पायात चप्पल घालून घरी आला, बसला आणि तांब्याभर पाणी प्यायला. त्याला काही झालं नव्हतं. शेजारच्या चाळीतला एक पोरगा मात्र परत आलाच नाही. त्याच्या आईचा आवाज भिंतीपलीकडून येत राहिला. गावी काय लिहायचं? मला सुचेना. मला बाबांचं बोलणं आठवलं. गॅलरीतला सगळ्यात चांगला कागद मी उचलला. परसातली केळ आणि मुंबईचा धूर त्यात एकत्र होते. आम्ही आहोत, बरे आहोत, एवढंच मला त्यांना सांगायचं होतं. सोडवताना त्याचा एक कोपरा भिंतीलाच चिकटून राहिला. मी पाकिटावर पत्ता घातला आणि दादा म्हणाला, "मी कार्ड घालतंय मागसून."

मयताच्या पत्राचा कोपरा फाडून टाकायचा, ही आपली पद्धत. असं पत्र हातात आलं की न वाचताच समजायचं. हे मला ठाऊक नव्हतं का? होतं. पण मी मरणाचा कागद करत नव्हते, मी केळीचा कागद करत होते.

गोळीबाराची बातमी गावात आधीच पोचली होती. बाबांनी पाकीट फोडलं तर कोपरा गेलेला कागद, त्यावर काळे ठिपके आणि एक अक्षर नाही. ते कागद घेऊन मास्तरांकडे गेले. मास्तर म्हणाले, पोरीला लिहायचा धीर झाला नसणार. झालं. बाबांनी डोक्यावरून आंघोळ केली. आईने हंबरडा फोडला. आणि वाडीतल्या बाया दादाच्या बायकोला, माझ्या वहिनीला, धरून विहिरीवर घेऊन गेल्या.

दादाचं कार्ड मागाहून पोचलं. खुशाल आहे, पगार झाला की पैसे धाडतो. मग सगळे रडता रडता हसले. आई म्हणाली, आयुष्य वाढलं माझ्या लेकाचं. त्याच बायांनी वहिनीला पुन्हा कुंकू लावलं. तिची माफी मात्र कोणी मागितली नाही. बाबांनी मास्तरांकडून दादाला पत्र लिहून घेतलं, त्यात माझ्यासाठी एकच ओळ होती: तिला सांग, ह्या घरात तुझो कागद येवचो नाय.

कोरा धाड म्हणणारे तेच, आणि दोष माझ्या कागदाचा! बरं, माझा तर माझा. पण नाव नाही, गाव नाही, कोण गेलं ते लिहिलेलं नाही, असा कागद बघून एका बाईच्या हातावर दगड उचलायची एवढी घाई तुम्हाला कशाची झाली होती? हे मी तुम्हाला इतकी वर्षं विचारते आहे.

वहिनी पुढच्याच बोटीने आली, एकटी. भाऊच्या धक्क्यावर आम्ही तिला घ्यायला गेलो. तिच्या हातात बांगड्या नव्हत्या. दादाने लालबागहून हिरव्या बांगड्या आणल्या, त्या तिने डब्यात ठेवल्या. मला म्हणाली, "वन्सं, माका कोणी इचारूक नाय. हात धरल्यानी नि फोडल्यानी. आता मी घालूचंय नाय." दादा तिच्यावर कधी रागावला नाही. तो माझ्यावरही रागावला नाही, फक्त घाणेरी आणायचा थांबला.

फुटक्या बांगड्यांचे तुकडे तिने फडक्यात बांधून आणले होते. एका दुपारी तिने ते माझ्या लगद्यात टाकले. तो कागद अजून आमच्या भिंतीवर आहे. आम्ही दोघी त्याच खोलीत म्हाताऱ्या झालो. माझं म्हणावं असं घर मला एवढंच मिळालं, ही वहिनी आणि ही गॅलरी. ते पुरलं असं मी म्हणणार नाही. परसातली ती केळ मी पुन्हा पाहिली नाही.

बाबा गेले तेव्हा कार्ड दादाच्या नावाने आलं. कोपरा नीट फाडलेला, सगळं व्यवस्थित लिहिलेलं, खाली सगळ्यांची नावं. माझं नव्हतं. असं कार्ड घरात ठेवत नाहीत, म्हणून वहिनी ते फाडायला निघाली. मी तिच्या हातून घेतलं आणि टबात भिजत घातलं. पुठ्ठ्यासारखं जाड, लवकर विरघळेना. अक्षरं सुटली तसं पाणी निळसर झालं. त्यात केळीचा लगदा मिसळला आणि एकच कागद उचलला. वाळल्यावर भिंतीवरून अगदी हलक्या हाताने सोडवला. चारही कोपरे आले.

त्यावर मला काही लिहायला सुचलं नाही, अजून कोराच आहे. बाबांनीच सांगितलं होतं, कोरो धाड. आता धाडू कोणाला?